आम्ही कोल्हापुरात होतो, गूगलवर नव्हतो

डिसेंबर २०२३ ची भेट संपली, खुर्च्या रचून झाल्या, तरी एक मुलगी जिन्यातच थांबली होती. इचलकरंजीची, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने विचारलं, "ताई, तुम्ही सगळे इथे कधीपासून भेटताय?"

मी सांगितलं, मार्च २०२२ पासून, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.

तिचा चेहरा उतरला. दीड वर्ष ती पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या भेटींसाठी पहाटेची एसटी पकडून पुण्याला जात होती. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर. आणि आम्ही तिच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर, राजारामपुरीतल्या एका गल्लीत, चहा पीत तेच बोलत बसलो होतो. "मी शोधलं होतं की. कितीतरी वेळा शोधलं. काहीच आलं नाही," ती म्हणाली. शेवटी तिच्या चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी ढकललेलं पोस्टर तिला दिसलं, म्हणून ती आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. २०२० मध्ये मी पुण्यातली खोली सोडून घरी आले, काम इथूनच सुरू झालं आणि पहिल्या सहा महिन्यांतच कळलं की कोडपेक्षा कोडबद्दल बोलायला माणूस नसणं जास्त जड जातं. हा गट आम्ही त्यासाठीच सुरू केला. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळणारे, पतसंस्थांचे हिशेब लिहिणारे, पुण्याबंगळुरूच्या कंपन्यांचं काम घरून करणारे, कॉलेजची पोरं. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका २०११ साली पुण्यात झालेल्या पायकॉन इंडिया या पायथनच्या परिषदेला गेले होते. तिथून परतल्यापासून त्यांच्या मनात होतं की आपल्या गावात असं काही का नसावं. एवढी आस असलेली माणसं आम्ही, आणि जिला आमची सगळ्यात जास्त गरज होती तिलाच सापडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गूगलच्या चौकटीत 'साईट' हा शब्द, पुढे कोलन आणि त्याला जोडून आमचा पत्ता टाकला. एखाद्या संकेतस्थळाची कोणती पानं गूगलच्या सूचीत आहेत याचा अंदाज घ्यायची ही सगळ्यात सोपी पद्धत. उत्तर आलं: एकही नाही. २१ भेटींची टिपणं आम्ही तिथे लिहून ठेवली होती. एकही नाही.

मग गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साईट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या सेवेत, खातं उघडलं. संकेतस्थळ आपलंच आहे हे सिद्ध करायला डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्याच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी नोंद घालता येते, ती घातली. काही दिवसांनी अहवाल दिसायला लागला आणि त्यात कारण स्वच्छ लिहिलं होतं: 'नोइंडेक्स' टॅगमुळे वगळलं. हे पान सूचीत घेऊ नका, असं शोधयंत्राला सांगणारा हा टॅग. साईट बांधायचं काम चालू असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून आमच्यातल्या एकाने तो टॅग लावला होता. लावला ते बरोबरच केलं होतं. साईट सुरू झाली त्या दिवशी तो काढायचा राहिला, आणि नंतर कुणी बघितलंच नाही, मीही नाही. एक ओळ. पावणेदोन वर्षं.

ती ओळ काढली. नऊ दिवसांनी मुखपृष्ठ गूगलवर दिसलं. मी घरात ओरडून सांगितलं. पण पुढचे दोन आठवडे मुखपृष्ठाशिवाय काहीच दिसेना.

याचं कारण शोधायला मला जास्त वेळ लागला. आमची साईट रिॲक्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या एका साधनात केलेली, एकाच पानाची. मेनूवर टिचकी मारली की आतला मजकूर बदलतो आणि पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह लागून पुढे 'भेट १२', 'भेट १३' असं दिसतं. आम्हाला ती एकवीस पानं वाटत होती. पण पत्त्यातलं हॅशच्या पुढचं काहीही ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, ते स्वतःपाशी ठेवतो. आणि गूगलही हॅशच्या पुढचा भाग वेगळा पत्ता म्हणून धरत नाही. आमच्या एकवीस भेटी त्याच्या लेखी एकाच पानात जमा होत्या. त्यातून पानाचा मूळ सोर्स उघडून बघितला तर आत एक रिकामा डिव्ह, म्हणजे मजकुराची रिकामी चौकट, आणि स्क्रिप्टची एक ओळ. मजकूर सगळा नंतर जावास्क्रिप्ट भरणार. गूगल जावास्क्रिप्ट चालवून पान बघतं, पण व्हॉट्सॲप चालवत नाही. आमची लिंक कुणी पाठवली की खाली ना शीर्षक यायचं ना चित्र, हे कोडंही तिथेच सुटलं.

ज्या दोघांनी ती साईट बांधली होती त्यांना मी आधी फोन केला. जानेवारीच्या भेटीत हे सगळं पडद्यावर दाखवायचं माझ्या मनात होतं, पण त्यांना न सांगता नाही. थोडा वेळ दोघंही गप्प होते. मग एक जण म्हणाला, "तुम्ही नको, आम्हीच दाखवतो." आणि त्या दोघांनी चाळीस लोकांसमोर उभं राहून आपलंच काम उघडून दाखवलं. रिकामा डिव्ह, हॅश, नोइंडेक्स, सगळं. खाली बसलेल्यांपैकी सात-आठ जणांनी तिथल्या तिथे आपापल्या कंपन्यांच्या साईट्स तपासल्या, आणि दोघांना तोच टॅग आपल्याकडेही सापडला. आमच्या आजवरच्या भेटींमधली मला सगळ्यात जास्त आवडलेली भेट कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगते.

पुढचे तीन रविवार बसून आम्ही सगळं ह्यूगोवर हलवलं, म्हणजे प्रत्येक टिपणाचं तयार एचटीएमएल पान. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, स्वतःचं शीर्षक. आधी सगळ्या पानांचं शीर्षक एकच होतं, आमच्या गटाचं नाव. जी व्यक्ती आम्हाला ओळखतच नाही ती आमचं नाव घालून शोधणार कशी, हा साधा विचार आम्ही केला नव्हता. साईटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, तयार करून कन्सोलला दिला. एका साईटमॅपमध्ये ५०,००० पत्ते बसतात. आमचे तीसही नव्हते, पण दिला.

पत्ते मराठीत ठेवायचे की रोमन लिपीत, यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं. मी मराठीच्या बाजूने होते. आपण मराठीत लिहितो, मराठीत बोलतो, मग पत्ता रोमन का? गूगललाही देवनागरी पत्ते चालतात. तेव्हा काकांनी फळ्यावर 'कोल्हापूर' लिहिलं आणि अक्षरं सुटी करून मोजायला लावली. क, ओची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. नऊ. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांचं रूप होतं. नऊ गुणिले तीन गुणिले तीन. एकट्या 'कोल्हापूर'ची ८१ अक्षरं. मग त्यांनी तशी लिंक गटावर पाठवून दाखवली. फोनचा अर्धा पडदा टक्क्यांनी आणि आकड्यांनी भरला. अशा लिंकवर कोण बोट ठेवेल? माझ्या मनाला लागलं, पण मी हात खाली घेतला. पत्ते रोमन आणि आखूड, शीर्षकं आणि मजकूर मराठीत, असं ठरलं.

फेब्रुवारीत एक वाईट गोष्ट घडली. साईट शोधात यायला लागली तशी तिच्यातली एक फाईलही यायला लागली, जी आम्ही सगळे विसरलो होतो. २०२२ च्या एका कार्यशाळेची नावनोंदणी. नावं, फोन नंबर, कॉलेज. कुणीतरी कामापुरती म्हणून साईटवर टाकली होती. एका मुलीने स्वतःचं नाव गूगलवर टाकलं तर तिचा नंबर समोर आला, आणि तिने मला फोन केला. ती रागावली नव्हती, घाबरली होती. ते जास्त वाईट होतं.

आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये ती फाईल बंद करून टाकू. ही चूक खूप जण करतात, म्हणून इथे जरा थांबते. शोधयंत्रांनी साईटवरचं काय उघडू नये ते रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाईलमध्ये लिहायचं, ही १९९४ पासून चालत आलेली रीत आहे, २०२२ मध्ये ती आरएफसी ९३०९ म्हणून इंटरनेटचं मानक झाली, पण तिचं स्वरूप विनंतीचं आहे. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावल्यासारखं. कुलूप नव्हे. त्यातून ही रोबोट्सची फाईल कुणालाही वाचता येते, म्हणजे आपण काय लपवतोय याचा पत्ताच आपण देतो. शिवाय पान तिथे बंद केलं तर गूगल ते पुन्हा उघडून बघत नाही, म्हणून पानावर नंतर नोइंडेक्स लावला तरी तो त्याला दिसतच नाही, आणि नुसता पत्ता शोधात तसाच राहू शकतो. आम्ही नावनोंदणीची फाईल सर्व्हरवरून पुसली, तो पत्ता ४१०, म्हणजे 'इथलं कायमचं काढलंय' असं उत्तर, द्यायला लागला, आणि कन्सोलमधून तातडीने काढण्याची विनंती केली. ती विनंती साधारण सहा महिन्यांपुरतीच असते. कायमचं काम फाईल नसल्यामुळेच होतं. मग मी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून काय झालं ते सांगितलं. दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून आम्ही नोंदणीत फक्त नाव घेतो आणि भेट झाली की कागद फाडतो.

एवढं सगळं करूनही मार्चमध्ये भेटीला नवे किती आले? तिघं. पानं सूचीत होती, पण वाचायला कुणी येत नव्हतं. कन्सोलच्या अहवालात दिसत होतं की आमची पानं अधूनमधून कुणाच्या तरी शोधात खाली कुठेतरी झळकतात आणि कुणी उघडत नाही. मी आमची शीर्षकं वाचायला घेतली. 'वेब सुरक्षेची मूलतत्त्वे'. 'आधुनिक डेटाबेस : एक दृष्टिक्षेप'. मी स्वतःच लिहिली होती ती. वाचताना जाणवलं की असं कुणी शोधत नाही. रात्री अकरा वाजता कोड अडकलेला माणूस दृष्टिक्षेप शोधत नसतो.

मग तो काय शोधतो? याचं उत्तर आमच्याच खोलीत होतं. भेटीला येणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत, चप्पल काढता काढता, शेजारच्याला काहीतरी सांगत असतो. "अरे ते बिलात तारीख एक दिवस मागे जातीय बघ." "लिंक टाकली की चित्रच येत नाही." खुर्चीवर बसल्यावर तोच माणूस सभ्य भाषेत प्रश्न विचारतो, आणि त्यातले मूळ शब्द निघून जातात. म्हणून एप्रिलपासून आम्ही दारात एक शंभर पानी वही ठेवली. आत येताना प्रत्येकाने या महिन्यात आपलं काय अडलं ते एका ओळीत लिहायचं. जसं मनात आलं तसं. शुद्धलेखन बघायचं नाही, एरर असेल तर अक्षर न् अक्षर उतरवायची.

त्या वहीतली पहिली ओळ मला पाठ आहे: 'फॉर्ममध्ये १५ टाकतो, सेव्ह होताना १४ होतंय, वेड लागायची पाळी.'

हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. फॉर्ममध्ये १५ तारीख निवडली की जावास्क्रिप्ट ती बऱ्याचदा आपल्या मध्यरात्रीची धरतं, आणि सर्व्हरला पाठवताना यूटीसीत बदलतं. आपली १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे तिकडे १४ तारखेची संध्याकाळ, साडेसहा. नुसती तारीख कापून घेतली की एक दिवस गायब. पतसंस्थेच्या ठेवीत तो एक दिवस व्याजाचा असतो. त्या शनिवारी आम्ही एवढ्यावरच दोन तास बोललो, आणि मी टिपण लिहिलं तेव्हा शीर्षक दिलं, 'फॉर्ममध्ये टाकलेली तारीख सेव्ह होताना एक दिवस मागे का जाते'. खाली एररचे शब्द, चुकीचा कोड, बरोबर कोड, आणि शेवटी एक वाक्य: पुढच्या भेटीला या, तारीख अमुक, पत्ता अमुक.

दीड महिन्याने ते पान उघडणाऱ्यांची संख्या आमच्या बाकी सगळ्या पानांच्या बेरजेपेक्षा जास्त होती.

कन्सोल मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे शोध दाखवतं, म्हणजे लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान आलं ते. मी दर रविवारी ती यादी वाचायला बसायचे. बहुतेक जण रोमन लिपीतच शोधतात, इंग्रजीत नाहीतर मराठी-इंग्रजी मिसळून. म्हणून आम्ही टिपणात एररचे शब्द आणि कोड मूळ रोमन लिपीतच ठेवतो, समजावणं मराठीत. जी माणसं देवनागरीत शोधतात ती आपण बोलतो तशी शोधतात: 'येत नाही', 'दिसत नाही', 'का होते'. वहीतल्या ओळी आणि ही यादी शेजारी ठेवली की वाटायचं, एकाच माणसाने लिहिलंय.

मे महिन्यात वहीत एका ओळीखाली चौघांनी 'मलापण' असं लिहिलं होतं. ओळ होती: 'पीडीएफमध्ये मराठी तुटतं.'

महाराष्ट्रात बिल, पावती, दाखला, गुणपत्रिका, कशाचंही सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस या भिंतीवर डोकं आपटून आलेला असतो. पडद्यावर 'किती' नीट दिसतं, पीडीएफ काढली की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. 'विद्यार्थी' मधलं द्य सुटं होतं, हलन्त बाहेर लटकतो, रफार भलत्याच अक्षरावर. कारण असं की साठवताना क्रम असतो आधी क आणि मग वेलांटी, उच्चाराप्रमाणे. ती डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसावी यासाठी चिन्हांची जागा बदलणारं, जोडाक्षरं जुळवणारं एक यंत्र मध्ये लागतं. ब्राउझरमध्ये ते असतं. क्रोम आणि फायरफॉक्स यासाठी हार्फबझ नावाचं यंत्र वापरतात. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक साध्या लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे तयार कोडच्या संचांमध्ये, ते नसतं. त्या फॉन्टमधली चिन्हं एकामागून एक नुसती मांडत जातात. म्हणून फॉन्ट बदलून काही होत नाही, आणि लोक तिथेच दिवस घालवतात. आमच्यातल्या एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या कार्यालयात पावतीवर 'श्री' शब्दच छापायचा नाही असं ठरलं होतं, तो फुटतो म्हणून. खोलीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी काही ना काही असंच सोडून दिलं होतं.

त्या शनिवारी आम्ही चार लॅपटॉप जोडले. आधी एचटीएमएल करून पडद्याविना चालणाऱ्या क्रोममधून पीडीएफ काढली: नीट. मग हार्फबझ वापरणारी लायब्ररी घेऊन काढली: नीट. मग जुन्या पद्धतीने: तुटकी. तिन्हींचे फोटो, कोड आणि कारण टिपणात घातलं. शीर्षक वहीतलंच ठेवलं, अक्षरही न बदलता. त्या पानाने आमच्या खोलीत जेवढी माणसं आणली तेवढी कुठल्याच पोस्टरने आणली नाहीत. सांगलीहून, निपाणीहून, एक जण साताऱ्याहून. नाद खुळा, असं काका दर भेटीला म्हणायचे.

शोधाच्या नादात आमच्याच लिखाणातली एक गोष्ट सापडली, ती मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. आमच्या साईटवरच्या शोधात 'ॲप' टाकलं तर सहा टिपणं यायची, आणि मला पक्कं आठवत होतं की दहा तरी आहेत. बाकीच्या चारांत तोच शब्द, दिसायला अगदी तसाच. पण आत वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, ते २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये आलं. त्याआधी, आणि पुष्कळ कळपाटांवर अजूनही, अ लिहून त्यावर चंद्र ठेवतात. दिसतं एकच, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची, म्हणजे वेगळी रूपं सारखी करण्याची, पद्धत चालवली तरी हे दोन एक होत नाहीत, स्वतःच नियम लिहावा लागतो.

आणि दुसरं उदाहरण तर आमच्या रोजच्या वाक्यातलं निघालं. 'दुसऱ्या शनिवारी'. हा ऱ्या काही जण नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य असा लिहितात, तर काहींचा कळपाट साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालतो. आमच्या पानांवर दोन्ही होते. त्या दिवसापासून मजकूर साईटवर जाण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट ही रूपं सारखी करून घेते. काकांची जुनी टिपणं तर श्रीलिपीत होती. वाचायला सुंदर मराठी, पण आत भलत्याच अक्षरांची रांग, कारण तो फॉन्ट युनिकोडचा नव्हता. कुठलंही शोधयंत्र त्यात मराठी बघूच शकत नाही. कॉलेजच्या दोन मुलांनी ती सगळी युनिकोडमध्ये आणली, मे-जूनची सुट्टी घालवून. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत.

भेटीच्या पानावर आम्ही कार्यक्रमाचा संरचित डेटाही घातला. स्कीमा डॉट ऑर्ग ही गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केलेली शब्दसूची. तिच्यात कार्यक्रमाचं नाव, सुरू होण्याची वेळ, ठिकाण अशी खाती असतात, आणि ती भरली की शोधयंत्राला कळतं की हा लेख नाही, ही अमुक दिवशी अमुक जागी होणारी भेट आहे. वेळेपुढे अधिक साडेपाच लिहायला मात्र विसरायचं नाही. आधी आम्ही दर महिन्याला नवं पान काढायचो, ज्यात तारीख आणि खोली यापलीकडे काही नसायचं. ती सगळी पानं मोडून 'पुढची भेट' असा एकच कायमचा पत्ता केला आणि जुने पत्ते ३०१ ने, म्हणजे 'कायमचं हलवलंय' असं सांगून, तिकडे वळवले.

त्या डेटानेच जुलैत आम्हाला अडचणीत आणलं. २०२४ च्या जुलैत, २७ तारखेच्या चौथ्या शनिवारी, एक जास्तीची कार्यशाळा ठेवली होती. त्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. कार्यशाळा पुढे ढकलली, गटावर कळवलं, पानावरचं वाक्य बदललं. संरचित डेटातली तारीख आणि स्थिती बदलायची राहिली, आणि गूगलने पान पुन्हा वाचलेलंही नव्हतं. शनिवारी दुपारी उद्यमनगरातून एक मुलगा भर पावसात चालत आला. फाउंड्रीत कामाला असलेला, प्रोग्रॅमिंग स्वतः शिकणारा. त्याला शोधात २७ तारीख दिसली होती. खोलीला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने मला फोन लावून दिला. मी घरापासून तिथे गेले, त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसले आणि त्याच्या अडलेल्या लूपचं काम तिथेच केलं. त्याच्या वहीची पानं ओली झाली होती, शाई पसरली होती.

आता तारीख बदलली की चार ठिकाणी बदलायची असा कागद खोलीत भिंतीवर लावलाय, आणि शेवटची ओळ आहे: कन्सोलमध्ये पत्ता तपासून पुन्हा वाचण्याची विनंती करणे.

मधल्या काळात एका माणसाने आम्हाला पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणून देतो असं सांगितलं, पैसे घेऊन शेकडो साईट्सवरून लिंका देणार होता. आमच्यातल्या काहींना ते पटत होतं. मी स्पष्ट विरोध केला. पैसे देऊन लिंका विकत घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे हे एक. पण मला त्याहून जास्त हे टोचत होतं की लिंक म्हणजे कुणीतरी आपल्याला वाचून दिलेली साक्ष असते. आम्हाला खऱ्या साक्षी मिळायला लागल्या होत्या. एका प्राध्यापकांनी तारखेचं टिपण आपल्या विद्यार्थ्यांच्या पानावर जोडलं, निपाणीच्या मुलाने पीडीएफचं. थोड्या होत्या, पण त्यांच्यामागे माणसं होती.

इचलकरंजीची ती मुलगी आता दारातली वही सांभाळते. नवा माणूस आला की आधी त्याला पेन देते, मग पाणी. गेल्या भेटीला एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, हातात लॅपटॉपची जुनी पिशवी. वहीत त्यांनी सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: 'पीडीएफमध्ये मराठी तुटतं असं शोधलं, तुमचं पान सापडलं. सांगितलं तसं केलं. तरी एका ठिकाणी तुटतंय.'

तिने ती ओळ वाचली आणि वही घेऊन थेट माझ्याकडे आली. आम्ही टेबल ओढलं, त्यांनी लॅपटॉप उघडला. दूध संघाची पावती होती. सगळं नीट, फक्त शेवटच्या ओळीत, 'स्वाक्षरी'मधला क्ष फुटून क आणि ष वेगळे पडले होते.

"हे बघितलं नव्हतं आपण," ती म्हणाली आणि खुर्ची जवळ घेऊन बसली.